प्रतिज्ञेच्या वेळी पुढे होणारा हात : शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
आणि राज्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक

विषय : परिपाठात प्रतिज्ञा म्हणताना उजवा हात समोर ताठ धरण्याची पद्धत थांबवण्याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. त्या साऱ्या वर्षांत रोज सकाळी परिपाठाला उभी राहिले, ‘भारत माझा देश आहे’ हे शब्द सुरू होताच मुलांबरोबर माझाही उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर गेला, आणि पाचवीच्या ओळीतल्या एखाद्या लहानग्याचा हात थकून खाली येऊ लागला तर मी स्वतः त्याच्या कोपराखाली बोट लावून तो वर केला. तेव्हा त्यात मला काही वावगे दिसले नाही. मुलांच्या मनात तर आजही देशाविषयीच्या प्रेमाखेरीज दुसरे काही नसते, हे मी पत्राच्या आरंभीच नोंदवून ठेवते. माझी तक्रार मुलांविषयी नाही, शिक्षकांविषयी नाही, आणि प्रतिज्ञेच्या शब्दांविषयी तर मुळीच नाही. मला बोलायचे आहे ते फक्त त्या पुढे होणाऱ्या हाताविषयी.

माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत परिचारिकेचे काम करते. मध्यंतरी तिने आमच्या शाळेच्या परिपाठाचे एक जुने छायाचित्र कौतुकाने आपल्या सहकाऱ्यांना दाखवले. मैदानात ओळीने उभी असलेली पाच-सहाशे मुले, सर्वांचे हात समोर ताठ, तळवे जमिनीकडे. छायाचित्र हातोहात फिरले आणि टेबलाभोवतीचे बोलणे थांबले. शेवटी त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी अगदी हळू आवाजात विचारले, “तुमच्या शाळेत हे कोणी शिकवले?” त्या मुलीने मला फोन करून तोच प्रश्न विचारला. उत्तर देण्याची पाळी माझी होती, कारण तिला ते शिकवणाऱ्यांत मीही होते. दहावीच्या वर्गात मी नाझी राजवट शिकवत होते आणि त्याच दिवशी सकाळी मैदानात हात पुढे करून उभी राहत होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ असून इतक्या वर्षांत मी त्या एकत्र पाहिल्या नाहीत, याची खंत मला वाटते, आणि त्या खंतीतूनच हे पत्र लिहीत आहे.

हात पुढे ताठ धरून अभिवादन करण्याची रीत प्राचीन रोमची आहे, असा समज जगभर आहे. ‘रोमन सलाम’ हे तिचे नावही त्या समजातूनच आले. प्रत्यक्षात या रीतीचे वर्णन करणारा एकही रोमन ग्रंथ उपलब्ध नाही. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर हात उंचावलेल्या आकृती आहेत, परंतु कोणाचा तळवा उघडा आहे, कोणाचा हात कोपरात वाकलेला आहे, कोणी सैन्यापुढे भाषण करीत आहे. सर्वांनी एकाच वेळी एकाच रेषेत ताठ हात पुढे करण्याची शिस्तबद्ध रीत त्यांतून सिद्ध होत नाही. ती आपल्या डोळ्यांपुढे प्रथम ठसठशीतपणे उभी केली ती झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने. १७८४ मध्ये त्याने ‘होराशी बंधूंची शपथ’ हे भव्य चित्र रंगवले आणि पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या प्रदर्शनात झळकले. तीन भाऊ एका रेषेत उभे आहेत, पित्याच्या हातात तलवारी आहेत आणि त्या तलवारींच्या दिशेने तिघांचे हात ताठ झेपावले आहेत. रोमन इतिहासकार लिव्ही याने या भावांच्या लढाईची कथा सांगितली आहे, पण तीत हा शपथेचा प्रसंग नाही. तो दाविदने आपल्या कल्पनेतून घातला. ज्या हावभावाला जग दोन हजार वर्षांचा समजते, त्याचे वय असे जेमतेम अडीचशे वर्षांचे भरते.

या चित्रातला हात शाळेच्या मैदानात आला तो अमेरिकेत, आणि आपल्या दृष्टीने इतिहासाचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘द यूथ्स कम्पॅनियन’ या साप्ताहिकात फ्रान्सिस बेलामी हे धर्मोपदेशक काम करीत. कोलंबसच्या सफरीला ४०० वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने १८९२ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी राष्ट्रध्वजाशी निष्ठेची एक छोटी प्रतिज्ञा लिहिली. तिच्यासोबत हात कसा धरायचा याच्या सूचनाही छापल्या होत्या. त्या रचण्याचे श्रेय साप्ताहिकातले त्यांचे सहकारी जेम्स अपहॅम यांना दिले जाते. आधी कपाळाशी सैनिकी सलाम, आणि ध्वजाचा उल्लेख येताच हात ध्वजाच्या दिशेने पुढे, तळवा वर, असा तो क्रम होता. पुढे शाळाशाळांतून सवयीने तळवा खाली वळला. पन्नास वर्षे अमेरिकेतली लक्षावधी मुले अशीच उभी राहिली. त्यांच्याही मनात देशप्रेमच होते. त्या काळातली छायाचित्रे आज पाहिली तर त्यांत आणि आपल्या मैदानातल्या छायाचित्रांत फरक फक्त कपड्यांचा आणि झेंड्याचा दिसतो.

युरोपात या हाताने दुसरी वाट धरली. नाटके आणि मूकपट यांनी रोमन कथांबरोबर तो लोकांच्या परिचयाचा केला होता. १९१४ च्या ‘काबिरिया’ या इटालियन मूकपटात तो वारंवार दिसतो. त्या चित्रपटाच्या शब्दपाट्यांना ज्याचे नाव लाभले होते तो कवी गाब्रिएले दानुन्झिओ १९१९ मध्ये आपल्या सशस्त्र अनुयायांसह फिउमे शहरात घुसला आणि तिथल्या सभा-संचलनांत त्याने हेच अभिवादन रूढ केले. मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी ते तिथून उचलले, त्याला रोमन साम्राज्याचा वारसा जोडला, आणि पुढे तर हस्तांदोलन हे दुबळेपणाचे व अस्वच्छ ठरवून त्याच्या जागी ते सक्तीने आणले. इटलीतून ते जर्मनीत गेले. १९२६ मध्ये नाझी पक्षाने ते आपल्या सदस्यांना बंधनकारक केले. हे परक्यांकडून घेतलेले आहे, असे पक्षातलेच काही जण कुरकुरू लागले, तेव्हा ती मूळची जुनी जर्मन प्रथाच असल्याचे सांगण्यात आले. ज्याने ज्याने हा हात उसना घेतला त्याने त्याने तो आपल्या पूर्वजांचा असल्याचा दावा केला.

जुलै १९३३ मध्ये सर्व सरकारी कर्मचाऱ्यांसाठी हे अभिवादन सक्तीचे झाले. ज्याचा उजवा हात अधू असेल त्याने डावा उंचवावा, इतकी बारीक सूचनाही तेव्हा काढली होती. शाळांत प्रत्येक तासाच्या आरंभी शिक्षकांनी आणि मुलांनी हात उंचवायचा होता. १९३७ मध्ये ज्यूंना हे अभिवादन करण्यास मनाई झाली, आणि जुलै १९४४ मध्ये हिटलरच्या हत्येचा कट फसल्यानंतर सैन्यातही नेहमीच्या सलामाच्या जागी तेच आणले गेले. हात वर गेला की तुम्ही आमचे, नाही गेला की संशयित, आणि ज्यांना तो वर नेण्याचीही मुभा नाही ते माणसांतच नाहीत, अशी वर्गवारी रस्त्यावर, दुकानात, वर्गात दिवसभर चाले. १९३६ मध्ये हॅम्बर्गच्या जहाजबांधणी आवारात घेतलेल्या एका छायाचित्रात हात उंचावलेल्या गर्दीत एकच मनुष्य हाताची घडी घालून उभा आहे. ते छायाचित्र मी वर्गात दाखवत असे. मुले त्या माणसाकडे बोट दाखवत आणि “बाई, याचे पुढे काय झाले?” असे विचारत. मी मात्र त्याच्या आजूबाजूच्या हातांकडे त्यांचे लक्ष कधी वेधले नाही.

त्याच वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या हाताचा गोंधळ साऱ्या जगापुढे घडला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून जवळपास अशाच दिसणाऱ्या ‘ऑलिंपिक अभिवादना’ची पद्धत होती. १ ऑगस्ट १९३६ रोजी फ्रेंच खेळाडू हात उंचावून हिटलरसमोरून गेले तेव्हा जर्मन प्रेक्षकांनी तो आपल्या पुढाऱ्याला केलेला सलाम समजून जल्लोष केला. त्या हातामागे खेळाडूंचा हेतू काहीही असो, पाहणाऱ्यांनी आपल्याला हवा तोच अर्थ घेतला. भारतीय पथकाने मात्र हात उंचावला नाही. ते पथक ब्रिटिशांच्या झेंड्याखाली गेलेले, परतंत्र देशाचे होते. आणि त्याच पथकातल्या हॉकी संघाने अंतिम सामन्याआधी खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढून त्याला आदराने वंदन केले होते, हे ध्यानचंद यांनी लिहून ठेवले आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही तेव्हा बर्लिनला गेले होते आणि तिथे त्याने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. हात न उंचावण्याचा वारसा आपल्याकडे आहे तो असा.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळते, कारण आपल्यासमोरचा प्रश्न त्यांच्यासमोर आपल्याआधी येऊन गेला. तीसच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पालक-शिक्षक संघटना, स्काउट आणि गाइड, रेड क्रॉस, महिला मंडळे यांनी हा हात हिटलरच्या सलामासारखा दिसतो अशी हरकत घेतली. ‘आमची प्रतिज्ञा आधीची आहे, त्यांनी आमचे उचलले, मग आम्ही का बदलावे’ असे म्हणणारेही पुष्कळ होते, आणि काळाच्या हिशेबाने ते चुकत नव्हते. जून १९४२ मध्ये ध्वजसंहिता झाली तेव्हाही पुढे होणारा हात तिच्यात कायम होता. परंतु सहाच महिन्यांनी, २२ डिसेंबर १९४२ रोजी, अमेरिकी संसदेने संहितेत दुरुस्ती करून तो काढला आणि उजवा हात हृदयावर ठेवण्याची रीत आणली. प्रतिज्ञेचे शब्द तेच राहिले. कोणाचे देशप्रेम कमी झाले नाही आणि कोणी शब्द विसरलेही नाही.

याच काळात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आणखी एक प्रश्न होता. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुले धार्मिक श्रद्धेमुळे ध्वजाला सलाम करीत नसत आणि त्यासाठी त्यांना शाळेतून काढले जाई. १९४० मध्ये न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली आणि त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर गावोगाव हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला आणि राष्ट्रनिष्ठेच्या बाबतीत काय मानावे हे कोणताही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवू शकत नाही, अशा आशयाचा निकाल दिला. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की हे दोन्ही अमेरिकी खटले पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयात विचारात घेतले गेले. केरळमधल्या याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल १९८५ मध्ये शाळेतून काढले होते. राष्ट्रगीत चालू असताना ती तिघे आदराने उभी राहत, फक्त गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने त्यांचे असे उभे राहणे पुरेसे मानले. पुढे २०१३ मध्ये, प्रार्थनेच्या वेळी हात न जोडल्यामुळे वेतनश्रेणी अडवली गेलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयाने न्याय दिला. देशाविषयीचा आदर हाताच्या विशिष्ट ठेवणीवर मोजता येत नाही, ही गोष्ट या निकालांनी आपल्याकडे केव्हाच स्पष्ट केली आहे.

आपली प्रतिज्ञा तर या हातावर मुळीच अवलंबून नाही. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी असताना तेलुगूत लिहिली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले मोहम्मद करीम छगला १९६४ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री असताना ती देशभरातल्या शाळांसाठी स्वीकारण्यात आली आणि २६ जानेवारी १९६५ पासून रूढ झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा छापलेली असतात. प्रतिज्ञेच्या त्या मजकुरात हात कुठे ठेवावा याविषयी एक शब्दही नाही. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ असे म्हणणारी, पालकांचा आणि गुरुजनांचा मान ठेवायला आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागायला सांगणारी ही प्रतिज्ञा आशयाने इतकी मवाळ आणि माणुसकीची आहे की तिच्या जोडीला हा हात दिसला की मला आता विसंगती खटकल्यावाचून राहत नाही.

या मागणीवर एक आक्षेप नक्की येईल आणि तो प्रामाणिक असेल. नाझींनी स्वस्तिकही घेतले, मग युरोपीय लोकांना खटकते म्हणून आम्ही दाराच्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक पुसायचे का? मुळीच नाही. स्वस्तिक आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे, हिंदू, जैन आणि बौद्ध परंपरांत त्याला स्वतःचा अर्थ आहे, पूजेत, वहीखात्यांत, रांगोळीत आणि मंदिराच्या भिंतीवर त्याची जागा आहे. तो अर्थ जगाला समजावून सांगणे हे आपले कामच आहे आणि त्यासाठी मी कोणाशीही वाद घालीन. पण पुढे ताठ धरलेल्या हातामागे आपला असा कोणता अर्थ आहे? आपल्या परंपरेत शपथ घेणारा हात कधी रिकामा नसे. बेलभंडारा उचलून शपथ घेत, तुळशीपत्र हातावर ठेवून घेत, गंगाजळ हातात धरून घेत, ओंजळीतले पाणी सोडून संकल्प करीत, आईच्या पायाला किंवा मुलाच्या मस्तकाला हात लावून बोलत. कशाला तरी स्पर्श करून, काहीतरी साक्षीला ठेवून दिलेला शब्द म्हणजे आपली शपथ. मोकळा हात हवेत पुढे करून उभे राहणे यात ना बेल आहे, ना पाणी, ना स्पर्श. स्वस्तिकासाठी भांडण्याचा आपला अधिकार जपायचा असेल, तर जे आपले नाही ते त्याच्या शेजारी नेऊन बसवू नये, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप मला माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. मुलांच्या मनात तसे काही नसताना बाहेरचा अर्थ त्यांच्यावर का लादायचा, असे तो म्हणाला. या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जितका असतो तितकाच ऐकणाऱ्याच्या कानातही असतो, आणि देहाच्या खुणांना तर हे अधिकच लागू आहे, कारण त्या दुरून दिसतात आणि छायाचित्रात अडकून राहतात, जिथे मुलाच्या ओठांवरचे शब्द ऐकू येत नाहीत. जर्मनीतच अलीकडे याचे एक उदाहरण घडले. लहान मुलांनी गप्प बसावे म्हणून बालवाड्यांत आणि शाळांत बोटांनी कोल्ह्याचे तोंड करून दाखवण्याची एक निरागस पद्धत तिथे होती. तुर्की अतिराष्ट्रवाद्यांची ‘करड्या लांडग्या’ची खूण तशीच दिसते, २०२४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत ती केल्याबद्दल एका तुर्की खेळाडूवर दोन सामन्यांची बंदी आली, आणि त्याच वर्षी ब्रेमेनमध्ये शाळांतून ती कोल्ह्याची खूण बंद करण्यात आली. बालवाडीतल्या बाईंच्या मनात लांडगा कधीच नव्हता. तरीही त्यांनी ती खूण सोडली, कारण वर्गात त्या खुणेने ज्याच्या पोटात गोळा येईल असे एखादे मूल बसलेले असू शकते.

आपला हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. मुंबई आणि जर्मनीतले श्टुटगार्ट ही शहरे १९६८ पासून भगिनी-शहरे म्हणून एकमेकांशी जोडलेली आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतून शिकलेली मुले-मुली परिचारिका, वाहनचालक, तंत्रज्ञ म्हणून तिथे जात आहेत. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी खुणांचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे, त्यात अभिवादनाचाही समावेश होतो, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. ऑस्ट्रियात असा कायदा १९४७ पासून आहे, ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून नाझी सलामावर देशभर बंदी घातली आहे. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात आपल्या सवयीने हात पुढे करणाऱ्या मराठी तरुणावर खटला चालेल असे मी म्हणत नाही. त्याचा हेतू काय होता हे तिथेही पाहिले जाईल. मला काळजी आहे ती त्याच्या शेजाऱ्याची, ज्याच्या घरातली माणसे त्या हाताच्या राजवटीत मारली गेली, आणि त्या तरुणाचीही, ज्याला आपल्या शाळेने याविषयी एका शब्दानेही सावध केले नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की विभागाने एक साधे परिपत्रक काढून, प्रतिज्ञा राष्ट्रगीताप्रमाणेच सावधान स्थितीत उभे राहून, दोन्ही हात बाजूला ठेवून म्हणावी, असे सर्व शाळांना कळवावे. हृदयावर हात ठेवण्याचा पर्याय काही जण सुचवतील. तो वाईट नाही, पण त्यात पुन्हा एक नवी उसनी खूण येईल आणि पुन्हा कोणी तरी ओळींमधून फिरून कोणाचा हात नीट आहे ते तपासत बसेल. हात जोडण्यातही कोणाला प्रार्थना दिसेल. सावधान मात्र प्रत्येक मुलाला येते, ते कोणत्याही धर्माचे नाही, कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, आणि ज्या मुलाचा हात अधू आहे त्यालाही ओळीत वेगळे पाडत नाही. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन यांच्या कार्यक्रमांत आणि शासकीय कार्यालयांत वेळोवेळी घेतल्या जाणाऱ्या सामूहिक शपथांनाही हीच रीत लागू करावी.

या परिपत्रकासोबत शिक्षकांसाठी दोन पानांचे टिपण पाठवावे, अशीही विनंती आहे. नुसता आदेश गेला तर मुले विचारतील की काल चालत होते ते आज का चालत नाही, आणि त्याला ‘वरून आले आहे’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी दाविदच्या चित्रापासून डिसेंबर १९४२ पर्यंतची ही हकिकत आठवी-नववीच्या मुलांना एका तासात सांगता येते. ते टिपण लिहिण्याचे काम विनामोबदला करण्यास मी तयार आहे, आणि ज्या शाळा बोलावतील तिथे जाऊन हा तास घेण्याचीही माझी तयारी आहे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील त्या पहिल्या परिपाठाआधी हे परिपत्रक शाळांपर्यंत पोहोचावे, ही नम्र विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका